संगीत-ध्वनिमुद्रिकांचे जतन, महाराष्ट्रातील

ग्रामोफोनच्या तबकड्या, ध्वनिफिती इ. माध्यमांवर पूर्वी मुद्रित झालेले संगीत नष्ट होऊ नये, म्हणून मूळ वस्तूंचा संग्रह करणे, त्यांच्या सूची तयार करणे व त्यांवरील ध्वनी संगणकीय अंकरूपात उतरवून ठेवणे, या सर्व कार्यास ध्वनिमुद्रिका-जतन असे म्हणता येईल. यांपैकी शेवटच्या क्रियेस अंकीकरण म्हणतात. सामान्य व्यवहारात तिला डिजिटायझेशन हाच शब्द रूढ आहे. जतन म्हणजे अंकीकरण, अशी समजूत अलीकडे दृढ झालेली दिसते. ती अर्धवट आहे. महाराष्ट्रातील ध्वनिमुद्रिकांचा इतिहास पाहता, जे वाचले ते प्रथम संग्राहकांनी तबकडी जपली म्हणून वाचले, आणि ज्याचे अंकीकरण झाले त्याचा अर्थ तबकडीबरोबरची कागदोपत्री माहिती टिकली तेथेच नीट लागतो.

मराठी संगीताच्या दृष्टीने या तबकड्यांचे मोल केवळ स्मरणरंजनाचे नाही. ख्याल, ठुमरी, नाट्यपद, लावणी, भजन यांचे गायन स्वरलिपीत पूर्णपणे मावत नाही. स्वराचा लगाव, मींड, तानेची फिरत, शब्दाचा उच्चार या गोष्टी लिहून ठेवता येत नाहीत. त्या ऐकूनच कळतात. म्हणून ज्या गायकाची तबकडी निघाली नाही, त्याचे गायन त्याच्या पिढीबरोबर संपले. भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१) हे भारतात ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वीच निवर्तले. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) व अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांना ती संधी काळाने दिली होती. तथापि त्यांच्या गायनाच्या व्यापारी ध्वनिमुद्रिका निघाल्या नाहीत. भास्करबुवांच्या चाली स्वयंवर (१९१६) या नाटकातील पदांच्या रूपाने बालगंधर्वांच्या तबकड्यांत उरल्या आहेत आणि अल्लादियाखाँची गायकी केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर प्रभृती शिष्यांच्या मुद्रिकांवरून अनुमानाने जाणावी लागते. गुरूचा आवाज नाही, तेथे शिष्याची तबकडी हा दुय्यम पण एकमेव पुरावा ठरतो. ती फुटली, म्हणजे तोही गेला.

आरंभीचा काळ : टॉमस एडिसनचा फोनोग्राफ १८७७ मधला, चपट्या तबकडीचा ग्रामोफोन एमिल बर्लिनर याने १८८७ मध्ये पुढे आणला. [→ ग्रामोफोन]. भारतीय आवाजांच्या पहिल्या तबकड्या १८९९ मध्ये लंडन येथे मुद्रित झाल्या. त्यांत कॅप्टन भोलानाथ, डॉ. हरनामदास व अहमद या लंडनस्थित व्यक्तींचे पठण व गायन होते. भारतभूमीवरील पहिले व्यापारी ध्वनिमुद्रण ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग याने नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्ता येथे केले. त्यात गौहरजान हिचे गायन होते. मेणावर घेतलेली ही मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हरला पाठविली जात आणि तेथे छापलेल्या तबकड्या विक्रीसाठी परत भारतात येत. या तबकड्यांच्या मिश्रणातील मुख्य बंधक द्रव्य लाख. आणि तिचा जगातील प्रमुख पुरवठादार भारतच होता. भारतीय लाख व भारतीय गाणे ही दोन्ही सातासमुद्रापार जाऊन एका वस्तूत मिसळून परत येत, हा वसाहतकालीन व्यापाराचा एक बोलका नमुना होय.

गाण्याच्या शेवटी गायक किंवा गायिका स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारते, हे त्या काळच्या तबकड्यांचे वैशिष्ट्य आहे. ऐकणाऱ्यास आज त्याची गंमत वाटते. प्रत्यक्षात हॅनोव्हरच्या कारखान्यातील कामगारांना कोणते मेण कोणाचे हे समजावे, यासाठी ही सोय होती. पुढे कागदी नामपट्ट्या झिजल्या, पुसल्या गेल्या. तेव्हा कित्येक मुद्रिकांची ओळख या उच्चारावरूनच पटली. १९०८ मध्ये कलकत्त्यात तबकड्या छापण्याचा कारखाना निघाल्यावर या पद्धतीची निकड कमी होत गेली.

मुंबई हे ध्वनिमुद्रणाचे दुसरे मोठे केंद्र होते. बेका या जर्मन कंपनीच्या तंत्रज्ञांनी १९०५-०६ च्या जागतिक दौऱ्यात मुंबईत मुद्रणे केली. ओडियन, पाथे इ. कंपन्याही या बाजारात उतरल्या. अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) यांच्या एका बाजूच्या तबकड्या १९०५ च्या सुमाराच्या आहेत. रामकृष्णबुवा वझे, बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्तर कृष्णराव, मास्तर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर, सुंदराबाई जाधव अशी पुढील तीन दशकांतील ध्वनिमुद्रित कलावंतांची मालिका मोठी आहे. किराणा घराण्याच्या पूर्वीच्या ग्वाल्हेर परंपरेतील रहिमतखाँ (मृत्यू १९२२) यांचा आवाजही त्यांच्या अखेरच्या काळातील मोजक्या मुद्रिकांमुळे उरला. आरंभी कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे; विद्युत् ध्वनिग्राहक १९२५ नंतर आला. २५ सेंमी. व्यासाच्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपे. तासभर चालणारा ख्याल एवढ्या अवधीत बसविण्याची कला ज्यांना साधली त्यांची मुद्रिका गाजली. या मर्यादेमुळे तबकडीवरील गाणे म्हणजे मैफलीतील गाणे नव्हे, हे अभ्यासकाने सतत ध्यानात ठेवले पाहिजे.

‘यंग इंडिया’ मुद्रिका : परकीय कंपन्यांच्या बरोबरीने मुंबईत एक एतद्देशीय उद्योग उभा राहिला आणि जतनाच्या इतिहासात त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी ही १९३५ मध्ये सुरू झाली. तिचा कारखाना वडाळा येथे होता आणि तिच्या मुद्रिका ‘यंग इंडिया’ या नावाने विकल्या जात. १९५५ पर्यंतच्या वीस वर्षांत या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या मुद्रणांची संख्या दहा हजारांच्या घरात असावी, असा संग्राहकांचा अंदाज आहे. त्यांत शास्त्रीय संगीत, चित्रपटगीते, भावगीते, लोकसंगीत अशी विविधता होती. मोठ्या नामवंतांशी परकीय कंपन्यांचे करार झालेले असल्यामुळे ‘यंग इंडिया’ने उमेदवार व हौशी कलावंतांकडे लक्ष वळविले. परिणामी त्या काळच्या मुंबईतील मधल्या थराचे संगीत, म्हणजे ज्यांचे नाव पुढे झाले नाही किंवा फार उशिरा झाले अशांचे गायन-वादन, या तबकड्यांवर आढळते. संगीताचा इतिहास प्रायः शिखरांवरून लिहिला जातो. पायथ्याचा पुरावा येथे आहे.

तथापि हाच पुरावा सर्वांत अधिक धोक्यात आला. मोठ्या कंपनीच्या मागे उत्तराधिकारी संस्था असते. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचे पुढे ‘सारेगामा’ झाले आणि तिच्याकडील मुद्रणांस व्यापारी मोल असल्याने ती बऱ्याच अंशी सांभाळली गेली. १९५५ मध्ये थांबलेल्या वडाळ्याच्या कंपनीस असा वारस नव्हता. अशा उद्योगाच्या बाबतीत मूळ साचे, नोंदवह्या, विक्रीसूची ही सामग्री विखुरते, आणि उरतात त्या केवळ घरोघर पसरलेल्या तबकड्या.

ऱ्हासाची कारणे : लाखेची तबकडी ही नाजूक वस्तू नव्हे, पण ठिसूळ आहे. लाख, दगडाची पूड, काजळी व तंतू यांच्या मिश्रणाने ती बनते. पडली की फुटते आणि उन्हाने तापली की वाकते. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन व तिच्यामागील ध्वनिपेटी यांचा भार शंभर ग्रॅमहून अधिक असे. प्रत्येक बाजूस नवी पिन लावावी, असा दंडक होता. काटकसरी घरांत एकच पिन आठवडाभर चाले व तबकडीची खाच खरवडून काढी. यामुळे एक विपरीत गोष्ट घडली आहे. जी मुद्रिका लोकांना अतिशय आवडली, तिच्या उपलब्ध प्रती सर्वाधिक झिजलेल्या असतात. जी कोणी फारशी वाजविली नाही, ती आज स्वच्छ ऐकू येते.

दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली, तेव्हा जुन्या तबकड्या गोळा करून त्यांचा चुरा नव्या मिश्रणात घालण्याची पद्धत अनेक देशांत पडली. मागणी सरलेल्या मुद्रिकांचे धातूचे साचे मोडीत काढणे हा तर या धंद्याचा सर्वत्र चालणारा व्यवहार होता. १९४८ मध्ये अमेरिकेत दीर्घवादी तबकडी निघाली. भारतात ती रुळल्यावर १९७० च्या सुमारास ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे उत्पादन बंद पडले. त्या वाजविणारी यंत्रेही मग घराघरांतून हद्दपार झाली. यंत्र गेले की तबकडी निरुपयोगी ठरते.

कोकणपट्टीत याला हवामानाची जोड मिळाली. पनवेल, पेण, अलिबाग या परिसरात वर्षाचा जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि त्या काळात हवेतील दमटपणा कमी होत नाही. तबकडीच्या कागदी वेष्टनावर व नामपट्टीवर बुरशी धरते. ती खाचेत उतरली म्हणजे पृष्ठभागावर बारीक व्रण पडतात आणि ऐकताना एकसारखी खरखर येते. वाळवी नामपट्टीचा कागद खाते. आवाज शिल्लक राहतो, परंतु तो कोणाचा हे कळेनासे होते. पनवेल हे १८५२ पासून नगरपालिका असलेले जुने गाव, मुंबई-पुणे मार्गावरील व्यापारपेठ. १९७० नंतर नवी मुंबईच्या उभारणीबरोबर त्याचे झपाट्याने नागरीकरण झाले व २०१६ मध्ये तेथे महानगरपालिका आली. अशा गावांत जुना वाडा पाडून इमारत बांधताना माळ्यावरील सामानाचा निकाल एका दिवसात लागतो. तांब्या-पितळेची भांडी वाटून घेतली जातात, लाकूड विकले जाते, आणि फोनो व तबकड्यांचा गठ्ठा भंगारवाल्याकडे जातो. पाऊस व बुरशी यांनी शंभर वर्षांत केले नसेल एवढे नुकसान हा एक दिवस करू शकतो.

संग्राहक व त्यांची संघटना : भंगारात गेलेल्या या तबकड्यांना दुसरा जन्म मिळाला तो मुंबईचा चोरबाजार व पुण्याचा जुना बाजार येथे. सरकारी नोकर, शिक्षक, कारागीर, छोटे व्यापारी अशा हौशी मंडळींनी तेथून वेचून वेचून संग्रह केले. या छंदास समाजात फारशी प्रतिष्ठा नव्हती आणि घरातही बहुधा नसे, कारण लाखेच्या पाचशे तबकड्यांचे वजन शंभर किलोग्रॅमच्या आसपास भरते व मुंबईच्या दोन खोल्यांत तेवढी जागा नसते. तरीही विद्यापीठे व शासकीय संस्था यांच्याआधी हे काम या लोकांनी केले, ही वस्तुस्थिती आहे.

या संग्राहकांना एकत्र आणणारी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० मध्ये मुंबईत स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील भौतिकीविज्ञ सुरेश चांदवणकर यांनी तिचे चिटणीसपद दीर्घकाळ सांभाळले. संस्थेने श्रवणसभा भरविल्या आणि द रेकॉर्ड न्यूज हे नियतकालिक चालविले. त्यात कलावंतांच्या मुद्रिकांच्या सूची, कंपन्यांचे इतिहास, नामपट्ट्यांची छायाचित्रे अशी सामग्री येत गेली. ऑस्ट्रेलियन सूचिकार मायकेल किनिअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय मुद्रणांची सूची सिद्ध केली. ती १९९४ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध झाली. अशा सूचीत तबकडीचा विक्रीक्रमांक व साच्याचा क्रमांक हे दोन्ही दिलेले असतात. साच्याचा क्रमांक तबकडीवर नामपट्टीच्या कडेस कोरलेला किंवा उठविलेला असतो आणि त्यावरून मुद्रणाचा काळ व स्थळ ठरविता येते. वरवर रुक्ष वाटणारे हे आकडे म्हणजे जतनकार्याचा कणा होत. एकच गाणे एकाच गायकाने दोनदा मुद्रित केले असेल, तर दोन्ही मुद्रणे वेगळी ओळखण्यास हाच एक आधार असतो.

अंकीकरणाची प्रक्रिया : तबकडीवरील ध्वनी खाचेच्या दोन्ही भिंतींतील सूक्ष्म वळणांच्या रूपात असतो. सुई त्या वळणांमागून जाते, तिच्या हालचालींचे विद्युत् संकेतांत रूपांतर होते व त्या संकेतांचे मूल्य सेकंदाला हजारो वेळा मोजून अंकांत नोंदविले जाते. आंतरराष्ट्रीय ध्वनि-अभिलेखागार संघाने (स्थापना १९६९) यासाठी घालून दिलेल्या निकषांनुसार सेकंदाला किमान ४८,००० आणि शक्यतो ९६,००० नमुने, प्रत्येकी २४ बिट अचूकतेने घ्यावेत व ते संकोच न करता साठवावेत. या मापाने द्विमार्गी नोंद केल्यास सव्वातीन मिनिटांच्या एका बाजूस सु. ११ कोटी बाइट एवढी जागा लागते. मूळ मुद्रण एकमार्गी असूनही नोंद द्विमार्गी घेण्याचे कारण असे की, खाचेची एक भिंत दुसरीपेक्षा कमी झिजलेली असू शकते आणि मग चांगल्या भिंतीवरचा आवाज निवडता येतो.

प्रथम तबकडी धुवावी लागते. ऊर्ध्वपातित पाणी व सौम्य साबणद्रव्य यांनी ती मऊ कुंचल्याने साफ करतात. मद्यार्क वापरणे घातक असते, कारण लाख त्यात विरघळते; अजाणतेपणी स्पिरिटने पुसलेल्या तबकड्या कायमच्या बिघडल्याची उदाहरणे संग्राहकांना परिचित आहेत. सुईची निवडही महत्त्वाची असते. दीर्घवादी तबकडीच्या सुईचे टोक ७८ फेऱ्यांच्या रुंद खाचेत तळाशी घसरते व केवळ खरखर उचलते. जुन्या तबकडीस सु. ०·०६५ मिमी. त्रिज्येचे टोक लागते आणि झीज टाळून खाचेचा न वापरलेला भाग गाठण्यासाठी वेगवेगळ्या जाडीची टोके लावून पाहतात. पाथेसारख्या काही मुद्रिकांत खाच आडवी न वळता खालीवर होते. त्यांसाठी जोडणीच बदलावी लागते.

सर्वांत बिकट प्रश्न वेगाचा आहे. या तबकड्यांना ‘७८ फेऱ्यांच्या’ म्हणत असले, तरी १९२५ पूर्वी तो वेग काटेकोर नव्हता. मिनिटाला सत्तरीपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत निरनिराळ्या वेगांनी मुद्रणे झालेली आहेत. ७४ फेऱ्यांनी घेतलेली मुद्रिका ७८ फेऱ्यांनी वाजविली, तर आवाज जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. काळी एक पट्टीत गाणारा गायक पांढरी दोनच्या जवळ गात असल्याचा भास होतो, तीन मिनिटे वीस सेकंदांचे गाणे दहा सेकंद आधी संपते आणि तान प्रत्यक्षाहून अधिक चपळ वाटते. आवाजाचा पोतही बदलतो. पुरुषाचा आवाज बारीक व काहीसा बालिश होतो. जुन्या गायकांचे आवाज चोरटे किंवा नाकातले होते, त्यांच्या ताना अमानवी वेगाच्या होत्या, असे जे अभिप्राय रूढ आहेत त्यांतील काहींचे मूळ चुकीच्या वेगात असणे शक्य आहे. नाट्यपदांच्या बाबतीत हा विचार विशेष करावा लागतो, कारण स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांची पट्टी हाच तेथे अभ्यासाचा विषय असतो. योग्य वेग ठरविण्यासाठी साथीच्या ऑर्गनची किंवा पेटीची पट्टी, त्याच कलावंताच्या त्याच बैठकीतील इतर मुद्रिका व साच्यांचे क्रमांक यांचा एकत्र उपयोग करतात. यासाठी तंत्रज्ञाच्या शेजारी संगीताचा जाणकार बसलेला असणे आवश्यक ठरते. जेथे तसे होत नाही, तेथे चुकीच्या वेगाची प्रत पक्की होते, आणि मूळ तबकडी नंतर हरवली तर ती चूक दुरुस्त करण्याचा मार्ग उरत नाही.

खरखर काढून टाकण्याचा मोहही असाच आहे. संगणकीय गाळणीने तबकडीचा आवाज पुष्कळच स्वच्छ करता येतो. परंतु तीच गाळणी तंबोऱ्याची झणक, तबल्याची चाट व आवाजातील वरचे अंश काढून घेते. या कारणास्तव जबाबदार संस्था आहे तशी कच्ची प्रत अभिलेख म्हणून राखतात व श्रोत्यांसाठी वेगळी शुद्ध प्रत करतात. बाजारात आलेल्या कित्येक पुनर्मुद्रणांत हा भेद पाळलेला नाही.

प्रकल्प व संस्था : लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने २००४ मध्ये संकटग्रस्त अभिलेखांसाठी एक अनुदान-योजना सुरू केली. मूळ वस्तू त्या त्या देशातच राहाव्यात व अंकीय प्रत तेथील संस्थेत आणि लंडनमध्ये ठेवावी, हे तिचे तत्त्व होय. या योजनेखाली चांदवणकर यांच्या पुढाकाराने ओडियन व यंग इंडिया या दोन नाममुद्रांच्या भारतीय तबकड्यांचे अंकीकरण झाले. ओडियनच्या मुद्रणांचे दोन कालखंड पडतात : १९१२ ते १९१६ व १९३२ ते १९३८. पहिल्या खंडातील तबकड्या जर्मनीत छापून येत आणि महायुद्धामुळे तो व्यापार बंद पडला. दुसऱ्या खंडात दक्षिण भारतातील संगीतावर भर होता. या कंपन्यांचे भारतातील वारस शिल्लक नसल्यामुळे व्यापारी पुनर्मुद्रणाची आशा नव्हती. निवडीचे कारण तेच. तबकड्या कोणा एका संग्रहालयात नव्हत्या. निरनिराळ्या गावांतील संग्राहकांकडून त्या उसन्या घेऊन, नामपट्टीचे छायाचित्र टिपून व दोन्ही बाजू अंकित करून परत द्याव्या लागल्या. संग्राहक आपली तबकडी सहसा दाराबाहेर जाऊ देत नाहीत. एवढ्या जणांनी ती दिली, यात संघटनेने वीस वर्षांत मिळविलेल्या विश्वासाचा वाटा मोठा होता.

मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राचा (एन्‌सीपीए, स्थापना १९६९) ध्वनिसंग्रह या क्षेत्रातील महत्त्वाचा होय. संगीतज्ञ अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांचे तेथील कार्य उल्लेखनीय आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेने १९८२ मध्ये पुण्यात वांशिक संगीतशास्त्राचे अभिलेखागार व संशोधनकेंद्र स्थापिले. पुढे ते दिल्ली परिसरात हलविण्यात आले. तबकडीच्या बाजारात कधीच न आलेल्या संगीताचे जतन हा त्याचा विशेष. गी प्वातवाँ व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरील ओव्या लेखी स्वरूपात संकलित झाल्या व त्यांतील काहींचे १९९० नंतरच्या दशकात ध्वनिमुद्रणही झाले. जाती घरांतून जाऊन पिठाच्या गिरण्या आल्या होत्या; गाण्याचे निमित्तच सरल्यानंतर गाणाऱ्या स्त्रियांच्या स्मरणातून हे संगीत मिळाले. केंद्र सरकारच्या बाजूने इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने राष्ट्रीय सांस्कृतिक दृक्‌श्राव्य अभिलेखागाराचा प्रकल्प हाती घेतला.

ध्वनिफितींची स्थिती तबकड्यांहून नाजूक आहे. १९५० नंतर खाजगी मैफली फितींवर उतरवून घेण्याची प्रथा वाढली व पूर्ण लांबीचा ख्याल प्रथमच जतन होऊ लागला. परंतु ॲसिटेटची फीत आंबते व तिला शिरक्याचा वास येतो. पुढील काळातील काही फितींचा लेप चिकट होऊन यंत्राला लागतो. शंभर वर्षांची लाखेची तबकडी धुऊन वाजविता येते, चाळीस वर्षांची फीत कधीकधी एकदाच वाजते. या विषयात प्राधान्य ठरविताना जुने आधी हा नियम लावणे म्हणूनच योग्य नाही.

कायद्याची बाजू : भारतीय प्रताधिकार कायद्याप्रमाणे (१९५७) ध्वनिमुद्रणाचा अधिकार प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो, १९९२ पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. त्यामुळे लाखेच्या बहुतेक तबकड्यांवरील ध्वनिमुद्रणाचा अधिकार संपलेला आहे. तथापि गीताचे शब्द व चाल यांचा अधिकार कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत स्वतंत्रपणे चालू राहतो, व एकाच तबकडीवर मुक्त आणि बद्ध असे दोन्ही भाग असू शकतात. २०१२ च्या दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांस आपल्याकडील वस्तूची जतनासाठी अंकीय प्रत ठेवण्याची मुभा मिळाली. खाजगी संग्राहक, ज्यांच्याकडे प्रत्यक्षात बहुसंख्य तबकड्या आहेत, ते या तरतुदीत येत नाहीत.

अंकीय प्रतीचे आयुष्य : अंकरूप ध्वनीची नक्कल मुळाबरहुकूम असते व कितीही नकला केल्या तरी तीत न्यून येत नाही, हा अंकीकरणाचा मोठा लाभ आहे. मात्र ज्यावर ती साठवितात ती साधने अल्पायुषी आहेत. १९९० नंतर घरोघरी लिहिलेल्या काही लेसर-तबकड्या पंधरा-वीस वर्षांतच वाचता येईनाशा झाल्या. चुंबकीय चकत्या दर काही वर्षांनी बदलाव्या लागतात. हे काम कोणी तरी नेमाने करीत राहावे लागते, आणि अनुदान प्रायः पहिल्या नकलेसाठी मिळते, विसाव्या वर्षीच्या नकलेसाठी नाही. मोठ्या संस्थाही याला अपवाद नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या संगणक-यंत्रणेवर खंडणीखोरांचा हल्ला झाला व तिच्या बहुतेक सेवा कोलमडल्या. संकेतस्थळावरून घरबसल्या ऐकता येणारा तिचा ध्वनिसंग्रहही दीर्घकाळ बंद राहिला. त्या अवधीत वडाळ्याच्या कारखान्यातील मुद्रिका ऐकावयाची झाल्यास पुन्हा संग्राहकाच्या कपाटातील लाखेच्या तबकडीकडेच जावे लागत होते.